वर्णपट वाचायचा कसा? मृदू क्ष-किरण उत्सर्जन आणि अनेक इलेक्ट्रॉनांचा वाटा

विषयाचं नाव ऐकून काही मंडळी मागच्या दारापाशी बसली आहेत, ते मला दिसतंय. (हशा) हरकत नाही. गणित कमीत कमी ठेवतो. पण एक गोष्ट आधी सांगून टाकतो. आजचं व्याख्यान समीक्षेचं आहे. साहित्यात एकाच कवितेची निरनिराळी वाचनं असतात आणि समीक्षक ती तपासतो: कोणतं वाचन मजकुराला धरून आहे, कोणी अडचणीची ओळ सोडून दिली, कोणी नसलेला अर्थ घुसडला. आज आपल्यासमोरचा मजकूर आहे एका साध्या धातूचा मृदू क्ष-किरण उत्सर्जनाचा वर्णपट. त्याची पहिली पद्धतशीर वाचनं १९३४ च्या सुमाराची. त्यानंतर निदान चार वेळा त्याचा अर्थ नव्यानं लावावा लागला. हे का घडलं आणि त्यातून आपण काय घ्यावं, एवढाच आजचा प्रश्न.

आधी मजकूर म्हणजे काय ते पाहू. अ‍ॅल्युमिनियमचा एक तुकडा घ्या आणि त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडा. अणूच्या आतल्या एल कवचातला एखादा इलेक्ट्रॉन उडतो आणि तिथे पोकळी तयार होते. धातूच्या संवहन पट्ट्यातला एक इलेक्ट्रॉन खाली येऊन ती पोकळी भरतो आणि सुटलेली ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपानं बाहेर पडते. या किरणाची ऊर्जा जास्तीत जास्त सुमारे ७२.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे तरंगलांबी साधारण १७० अँगस्ट्रॉम. हवेत तो टिकत नाही, काचेतून जात नाही, म्हणून सगळा प्रयोग निर्वातात करावा लागतो. मॅग्नेशियमची धार ५० इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या जरा खाली, सोडियमची ३१ च्या जरा खाली, लिथियमच्या के कवचाची ५५ च्या जवळ. 'मृदू' म्हणतात ते या अर्थानं.

आता यातली मोहाची गोष्ट बघा. आतली पातळी अरुंद असते, जवळजवळ एका रेषेसारखी. वरचा पट्टा मात्र कित्येक इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद. खालचा पाय स्थिर आणि वरून उडी मारणारे वेगवेगळ्या उंचीवरचे. तेव्हा बाहेर पडणाऱ्या किरणांच्या ऊर्जा मांडल्या की पट्ट्यात कोणत्या उंचीवर किती इलेक्ट्रॉन आहेत त्याचा नकाशाच मिळाला पाहिजे. भौतिकशास्त्राच्या भाषेत त्याला अवस्था-घनता म्हणतात.

हे पहिलं वाचन. हर्बर्ट स्किनर यांनी ओब्रायन यांच्याबरोबर १९३४ साली हलक्या धातूंचे असे वर्णपट प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी हॅरी जोन्स, नेव्हिल मॉट आणि स्किनर या तिघांनी त्यांच्या आकाराचा सिद्धांत मांडला. १९४० साली स्किनर यांनी या सगळ्या कामाचा एक मोठा आढावा लिहिला. त्या काळाचा विचार करा. धातूतले इलेक्ट्रॉन जणू मोकळे फिरतात आणि एका ठरावीक ऊर्जेपर्यंत, म्हणजे फर्मी पातळीपर्यंत, सगळ्या जागा भरलेल्या असतात, ही कल्पना तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षांची होती. कागदावरची ती फर्मी पातळी छायाचित्राच्या काचेवर एका ठसठशीत धारेच्या रूपानं उमटली! त्यातही नियम पाळले जात होते. के पोकळी फक्त पी प्रकारच्या इलेक्ट्रॉनांना बोलावते आणि एल पोकळी एस व डी प्रकारच्यांना. म्हणून एकाच पट्ट्याचा आकार दोन ठिकाणी वेगळा दिसायला हवा, आणि दिसला.

रुंदीही जुळत होती. मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या हिशेबानं सोडियमचा पट्टा सुमारे ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद हवा, मॅग्नेशियमचा ७.१, अ‍ॅल्युमिनियमचा ११.७. मोजलेले आकडे याच क्रमानं आणि याच घरात आले. इतकं जुळल्यावर कोण शंका घेणार?

शंका घ्यायला जागा मात्र मजकुरातच होती. मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा पट्टा खालच्या टोकाला पूर्ण संपतो. तिथे वर्णपटही शून्यावर यायला हवा. प्रत्यक्षात तो शून्यावर येत नाही. खालच्या बाजूला लांबलचक शेपटी निघते आणि हळूहळू विरत जाते. स्किनर यांना ती दिसत होती. प्रघात असा पडला की शेपटी बाजूला ठेवायची, वरच्या स्वच्छ भागावरून वक्र खाली वाढवत न्यायचा आणि तो जिथे शून्याला टेकेल तिथे पट्ट्याचा तळ धरायचा. आत्ता जे आकडे जुळले म्हणून मी सांगितलं, ते असे काढलेले होते. यात लबाडी नव्हती, पद्धत उघड सांगितलेली होती. पण समीक्षकाच्या नजरेनं बघितलं तर अडचणीची ओळ वगळून कवितेचा अर्थ लावण्याचाच हा प्रकार आहे.

शेपटीचा अर्थ पीटर लँड्सबर्ग यांनी १९४९ साली हिशेब करून दाखवला. तो असा. किरण बाहेर पडला की आतली पोकळी भरते. पण पट्ट्यातून इलेक्ट्रॉन खाली आला तिथे आता नवी पोकळी झाली. ती पट्ट्याच्या तळाशी असेल तर वर इलेक्ट्रॉनांची गर्दीच गर्दी. त्यातला एक खाली उतरून ती भरतो आणि सुटलेली ऊर्जा दुसऱ्याला देऊन त्याला फर्मी पातळीच्या वर भिरकावतो. म्हणजे ऑजे प्रक्रिया, पण सगळी पट्ट्याच्या आतच. अशी पोकळी फार काळ टिकत नाही, आणि जी टिकत नाही तिची ऊर्जाही नेमकी राहत नाही. म्हणून तळ पुसट होतो. उलट पोकळी फर्मी पातळीलगत असेल तर तिच्या वर उतरण्याजोगे इलेक्ट्रॉन फारसे नसतात. पुसटपणा फर्मी पातळीपासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो आणि धार तीक्ष्ण राहते.

बघा, वर्णपटाचं एक टोक तीक्ष्ण आणि दुसरं पुसट, ही दोन्ही लक्षणं एकाच कारणानं आली. आणि ते कारण एका इलेक्ट्रॉनचं नाही, किमान तीन जणांच्या देवघेवीचं आहे. हे दुसरं वाचन.

तिसरं वाचन १९६३ चं. रूक यांनी अ‍ॅल्युमिनियम आणि इतर हलक्या धातूंच्या वर्णपटात मुख्य पट्ट्याच्या खाली, कमी ऊर्जेच्या बाजूला, एक फिकट प्रतिकृती दाखवून दिली. अ‍ॅल्युमिनियममध्ये तिची धार मुख्य धारेपासून सुमारे १५ इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली येते. हा आकडा ओळखीचा आहे. अ‍ॅल्युमिनियममधले सगळे संवहन इलेक्ट्रॉन मिळून एका तालात हेलकावे घेतात, त्या हेलकाव्याच्या एका पुडीची, म्हणजे प्लाझ्मॉनची, ऊर्जा हीच. अर्थ सरळ आहे. क्वचित प्रसंगी खाली येणारा इलेक्ट्रॉन आपली सगळी ऊर्जा किरणाला देत नाही. त्यातली १५ इलेक्ट्रॉनव्होल्ट सगळ्या समुदायाला हलवण्यात खर्च होतात.

इथे नशीबही बरं होतं. पट्ट्याची रुंदी ११.७ आणि प्लाझ्मॉन १५. म्हणजे मुख्य पट्टा ७२.७ पासून ६१ पर्यंत उतरतो आणि प्रतिकृती ५७-५८ च्या जवळ सुरू होते. दोघांच्या मध्ये फट आहे, म्हणून ती वेगळी दिसते. प्लाझ्मॉनची ऊर्जा पट्ट्याच्या रुंदीपेक्षा कमी असती तर ही प्रतिकृती मुख्य पट्ट्याखाली दडली असती आणि आपण तिला पट्ट्याचीच एखादी खाचखोच समजून अवस्था-घनतेच्या खात्यावर लिहिली असती. आता मला सांगा, अशा दडलेल्या गोष्टी इतर पदार्थांत किती असतील?

या प्रतिकृतीबाबत एक चांगला प्रश्न पुढे आला: ती इतकी फिकट का? मुख्य पट्ट्याच्या मानानं ती अगदी थोड्या टक्क्यांची. पण त्याच अ‍ॅल्युमिनियमच्या फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटात, म्हणजे क्ष-किरणानं इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्याची ऊर्जा मोजली तर, मुख्य रेषेच्या मागे प्लाझ्मॉनच्या रेषांची चांगली ठळक रांग दिसते. धातू तोच, समुदाय तोच, प्लाझ्मॉन तोच, मग एवढा फरक कशामुळे? ग्लिक आणि लाँज यांनी १९६५ पासून या प्रतिकृतीचा सिद्धांत मांडला. त्याचा गाभा असा की आधीची आणि नंतरची स्थिती एकत्र धरून बघावी लागते. फोटोइलेक्ट्रॉनच्या प्रयोगात धन प्रभार अचानक निर्माण होतो आणि सगळा समुदाय दचकतो. उत्सर्जनात सुरुवातीला गाभ्यात एक पोकळी असते आणि शेवटी पट्ट्यात एक पोकळी असते. एकूण प्रभार तेवढाच राहतो, फक्त आधी एका अणूत कोंडलेला होता तो नंतर पसरतो. समुदायाला दोन्हीकडून बसणारे धक्के बऱ्याच अंशी एकमेकांना खोडतात. म्हणून हेलकावा लहान. हा खोडण्याचा हिशेब लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता चौथं वाचन, आणि खरा वाद इथे आहे. तो तळाचा नाही, शेपटीचा नाही, थेट धारेचा आहे. म्हणजे पहिल्या वाचनाला जी जागा सर्वांत भक्कम वाटत होती तिथलाच.

सोडियम आणि मॅग्नेशियम यांच्या एल वर्णपटात धारेलगत एक छोटं शिखर दिसतं. अवस्था-घनतेत तसं शिखर असायचं काही कारण नाही. उलट लिथियमच्या के वर्णपटात धार असायला हवी तिथे खांदा गोलसर उतरलेला, आणि कमाल तीव्रता धारेच्या आधीच येऊन गेलेली. एकाला शिखर, दुसऱ्याला उतार, असं का?

१९६७ साली जेराल्ड मॅहन यांनी दाखवलं की गाभ्यातली पोकळी भोवतालच्या इलेक्ट्रॉनांना ओढते आणि त्यामुळे नेमकी फर्मी पातळीजवळची तीव्रता वाढते. त्याच वर्षी फिलिप अँडरसन यांनी उलट दिशेची गोष्ट मांडली. ती मी आपल्या पद्धतीनं सांगतो. खचाखच भरलेली एसटी आहे. मधल्या बाकावरचा एक प्रवासी उठला. त्याच्या जागी बसतो एकच, पण हलतात सगळे. कोणी इंचभर सरकतो, कोणी पिशवी इकडची तिकडे करतो. प्रत्येकाची नवी अवस्था जुन्या अवस्थेशी जवळपास तीच असते. पण असंख्य 'जवळपास'चा गुणाकार केला तर काय होतं? ०.९९९ ही संख्या स्वतःशी दहा हजार वेळा गुणून बघा. उत्तर येतं लाखात साडेचार. धातूत इलेक्ट्रॉन दहा हजार नसतात, त्याच्या कितीतरी पट असतात. म्हणजे पोकळी असतानाची समुदायाची अवस्था आणि पोकळी नसतानाची अवस्था यांच्यात काहीच समान उरत नाही. त्यामुळे धारेजवळची तीव्रता दबायला हवी.

एक परिणाम वर ओढतो, दुसरा खाली. १९६९ मध्ये नोझिएर आणि दे दोमिनिसिस यांनी दोन्ही एकाच गणितात बांधले. निष्कर्ष असा: धारेजवळ तीव्रता फर्मी पातळीपासूनच्या अंतराच्या एका घातात बदलते, आणि तो घातांक दोन पदांचा बनलेला असतो. पहिलं पद वाढवणारं, ते एस, पी, डी या प्रकारानुसार वेगळं. दुसरं पद घटवणारं, ते सगळ्यांना सारखंच. दोन्ही पदं कशावर अवलंबून? पोकळी प्रत्येक प्रकारच्या लहरीला किती सरकवते, त्या सरकण्याच्या कोनांवर. आणि या कोनांवर फ्रीडेल यांच्या नियमाचं बंधन असतं: सगळ्यांनी मिळून पोकळीचा एक प्रभार बरोबर झाकला पाहिजे.

साध्यात साधं उदाहरण घेऊ. समजा सगळा प्रभार एस लहरींनीच झाकला. मग घटवणारं पद येतं १/२. एस साठी वाढवणारं पद येतं १. वजाबाकी करून एस चा घातांक अधिक १/२, म्हणजे शिखर. पी साठी वाढवणारं काहीच नाही, म्हणून घातांक उणे १/२, म्हणजे गोल उतार. एल पोकळी एस ला बोलावते, के पोकळी पी ला. सोडियमला शिखर का आणि लिथियमला उतार का, या दोन्ही प्रश्नांना एका सूत्रातून उत्तर! इतकं देखणं सूत्र पाहिल्यावर अनेकांना मोह आवरला नाही. याच काळात घानाचे फ्रान्सिस अ‍ॅलोटे यांनीही गाभ्यातल्या पोकळीवरून इलेक्ट्रॉन विखुरल्याचा उत्सर्जन वर्णपटावर काय परिणाम होतो, यावर महत्त्वाचं काम केलं. हा विषय त्या वेळी जगभर तापलेला होता.

आणि इथेच समीक्षकानं सावध व्हायला हवं. पहिल्या वाचनाचा मोह होता आकडे जुळण्याचा. चौथ्याचा मोह होता सूत्राच्या सौंदर्याचा. घातांक हातात घेऊन कोणीही मोजलेल्या वक्रावर तो बसवून दाखवू शकतो. धारेजवळ दोन-चार दशांश इलेक्ट्रॉनव्होल्टांचा टापू, त्यात उपकरणाचा पुसटपणा, पोकळीच्या आयुष्याचा पुसटपणा, जालकाच्या कंपनांचा पुसटपणा. एवढं सगळं मिसळल्यावर तुमचा घातांक खरा की वक्राला शिवलेलं ठिगळ, हे कसं ओळखायचं? सत्तरच्या दशकात जॉन डाउ यांनी हाच आक्षेप लावून धरला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: के आणि एल धारांचे घातांक एकमेकांशी बांधलेले आहेत, तेव्हा प्रत्येक धातूसाठी, प्रत्येक धारेसाठी सोयीचा वेगळा आकडा घेता येणार नाही. सगळं एका हिशेबात बसवून दाखवा. डाउ यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. पण त्यांनी लावलेली कसोटी योग्य होती आणि तिच्यामुळे या विषयाची पातळी उंचावली, हे मी आग्रहानं सांगेन. चांगला विरोधक मिळणं हे सिद्धांताचं भाग्य असतं.

उत्तर आलं ते वेगळ्याच प्रयोगातून. सिट्रिन, वर्थाइम आणि बेअर यांनी लिथियम, सोडियम, मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या फोटोइलेक्ट्रॉन रेषा बारकाईनं मोजल्या आणि १९७७ साली सविस्तर विश्लेषण दिलं. या रेषा एका बाजूला झुकलेल्या असतात, आणि हा झुकाव फक्त दुसऱ्या, घटवणाऱ्या पदानं ठरतो, हे डोनियाक आणि शुन्यिच यांनी १९७० मध्येच दाखवलं होतं. म्हणजे उत्सर्जनाला हातही न लावता एक पद स्वतंत्रपणे मिळालं. सोडियमसाठी ते सुमारे ०.२०, मॅग्नेशियमसाठी ०.१३, अ‍ॅल्युमिनियमसाठी ०.१२.

आता आपण ढोबळ हिशेब करून पाहू, कागद-पेन्सिल पुरेल. सोडियममध्ये फक्त एस आणि पी धरा. फ्रीडेलचा नियम हे एक समीकरण, मोजलेलं ०.२० हे दुसरं. अज्ञात दोन, समीकरणं दोन. वर्गसमीकरण सोडवलं की एस चा घातांक येतो सुमारे अधिक ०.३९ आणि पी चा सुमारे उणे ०.०६. वळवावळवीला जागाच उरली नाही. एल धारेला शिखर असलंच पाहिजे, के धार किंचित दबलीच पाहिजे. हाच हिशेब अ‍ॅल्युमिनियमसाठी करायला गेलात तर एक गंमत दिसेल. फक्त एस आणि पी घेतल्या तर घटवणारं पद ०.१२५ च्या खाली जाऊच शकत नाही. मोजलेलं ०.१२ त्या सीमेवरच येऊन टेकतं. म्हणजे तिथे डी लहरी धरल्याशिवाय गत्यंतर नाही. सिद्धांत स्वतःच सांगतो की माझं सोपं रूप इथे पुरत नाही. ठिगळ असं बोलत नाही.

आणि लिथियम? तिथला उणे घातांक इतका लहान आहे की एवढा गोलवा त्यातून निघत नाही. तिथे उरलेला वाटा जालकाच्या कंपनांचा. पोकळी तयार झाली की शेजारचे अणू नव्या जागी सरकू लागतात, पण पोकळीचं आयुष्य इतकं लहान की सरकणं पुरं होण्याआधीच किरण निघून जातो. त्या अर्धवट अवस्थेची छाप धारेवर पडते. मॅहन आणि आल्मब्लाड यांनी हे गणित मांडलं. म्हणजे लिथियमचा जो गोल खांदा सूत्राचा पुरावा म्हणून मिरवला जात होता, तो बऱ्याच अंशी दुसऱ्याच कारणाचा निघाला. सूत्र बरोबर, पण त्याचा लाडका दाखला कच्चा. असंही होतं.

मग आता सगळा पट्टा कसा वाचायचा? जर पोकळीमुळे समुदायातला प्रत्येक जण हलतो, तर जोन्स, मॉट आणि स्किनर यांचं साधं चित्र मुळात चाललं कसं? पोकळी असलेल्या अणूजवळची अवस्था-घनता शुद्ध धातूपेक्षा वेगळी असते. वर्णपटात ती का दिसत नाही?

याचं उत्तर लुंडच्या फॉन बार्थ आणि ग्रॉसमन यांनी १९७९ ते १९८२ च्या दरम्यान दिलं. त्याला अंतिम अवस्थेचा नियम म्हणतात. उत्सर्जनाच्या शेवटी गाभ्यातली पोकळी भरलेली असते. म्हणून पट्ट्याचा आकार शुद्ध, पोकळी नसलेल्या धातूच्या अवस्थांनी ठरतो. पोकळी असतानाची सुरुवातीची अवस्था एकूण तीव्रता ठरवते, आणि धारेलगतच्या चिंचोळ्या टापूत नोझिएर आणि दे दोमिनिसिस यांचं सूत्र चालतं. शोषणात उलट: तिथे शेवटी पोकळी शिल्लक असते, म्हणून आकार पोकळीसह काढावा लागतो. मघाशी प्लाझ्मॉनच्या वेळी म्हटलं होतं ना, आधीची आणि नंतरची स्थिती एकत्र धरावी लागते, त्याच विचाराचं हे पुढचं रूप आहे.

तेव्हा निकाल काय? १९३४ चं चित्र साध्या धातूंसाठी, धार आणि तळ सोडून, बऱ्यापैकी खरं निघालं. पण ते ज्या कारणानं खरं मानलं जात होतं ते कारण खरं नव्हतं. बाकीचे इलेक्ट्रॉन शांत बसतात म्हणून ते चाललं नाही. सगळे हलतात, आणि त्यांच्या हलण्याचा हिशेब एका विशिष्ट प्रकारे मिटतो म्हणून ते चाललं. हा फरक केवळ तात्त्विक नाही. पहिल्या कारणावर विसंबलात तर तुम्ही तेच वाचन शोषणाला लावाल, ऑक्साइडला लावाल, कशालाही लावाल. दुसरं कारण कळलं असेल तर कुठे थांबायचं ते कळतं.

ऑक्साइडांचंच बघा. मँगनीज किंवा निकेलच्या ऑक्साइडात डी इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके टाळतात की एकेकट्या इलेक्ट्रॉनचा पट्टा ही भाषाच तोकडी पडते. सिंक्रोट्रॉन आल्यावर पोकळी तयार करणारा किरण हव्या त्या ऊर्जेचा निवडता येऊ लागला. हिऱ्यावर १९९२ मध्ये दिसलं की आत जाणाऱ्या किरणाची ऊर्जा बदलली की बाहेर पडणाऱ्या वर्णपटाचा आकार बदलतो. आधी पोकळी झाली आणि मग ती भरली, अशा दोन सुट्या घटना तिथे मानता येत नाहीत. शोषण आणि उत्सर्जन ही एकच प्रक्रिया धरावी लागते. मँगनीज ऑक्साइडवर १९९६ मध्ये बुटोरिन आणि सहकाऱ्यांनी उत्सर्जनात डी पातळ्यांमधली आणि प्रभार एका अणूकडून दुसऱ्याकडे जाण्याची उत्तेजनं दाखवली. तिथे 'बहुइलेक्ट्रॉन परिणाम' हा शब्दच मला चुकीचा वाटतो. परिणाम म्हटलं की मूळ चित्र दुसरं कुठलंतरी आहे आणि हा त्यावरचा शिंतोडा, असं वाटतं. इथे मूळ मजकूरच अनेक इलेक्ट्रॉनांचा आहे.

तुम्ही विचाराल, आज याचं काय? आज प्रयोगशाळेतला विद्यार्थी संगणकावर अवस्था-घनता काढतो, मोजलेल्या वर्णपटाशेजारी ठेवतो आणि खाली लिहितो 'चांगला मेळ'. उरलेली शिखरं 'बहुइलेक्ट्रॉन परिणामांमुळे असावीत' या वाक्यात गुंडाळली जातात. एकेकाळी शेपटी बाजूला ठेवली जायची, आता शिखरं ठेवली जातात. आणि प्रश्न अगदी व्यवहाराचा आहे. लिथियमबहुल ऑक्साइडांच्या बॅटरीत जास्तीची विद्युतधारणा ऑक्सिजनकडून येते असं मानतात, आणि त्याचा एक मुख्य पुरावा म्हणजे ऑक्सिजनच्या के धारेवर सुमारे ५३१ इलेक्ट्रॉनव्होल्टांनी उत्तेजित केल्यावर ५२३-५२४ च्या आसपास निघणारी एक रेषा. या रेषेचा अर्थ काय? काहींनी तिला जालकातल्या ऑक्सिजनच्या बदललेल्या अवस्थेची खूण मानलं. २०२० मध्ये हाउस आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्णपटात सुमारे ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या पायऱ्यांची कंपनांची शिडी दाखवली आणि हा घनपदार्थात अडकलेला रेणुरूप ऑक्सिजन आहे असं म्हटलं. तो वाद अजून चालू आहे. बॅटरी किती वर्षं टिकेल, या प्रश्नाची एक वाट अशी एका रेषेच्या वाचनातून जाते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. वर्णपट समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात. सुरुवातीला पोकळी कुठे होती आणि शेवटी कुठे आहे? जी शिखरं आपण वगळली ती कोणत्या कारणानं वगळली, आणि त्या कारणाची तपासणी दुसऱ्या एखाद्या प्रयोगातून झाली आहे का? आणि मेळ बसला असेल तर तो न बसण्याची शक्यता मुळात होती का? सोडियमच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'होती' असं देता आलं, म्हणून त्या सिद्धांताला मान आहे.

एक चिठ्ठी आली आहे, वेळ आहे तर तेवढी घेतो. विचारलंय: 'मग एकेकट्या इलेक्ट्रॉनचं चित्र वर्गात शिकवणं बंद करावं का?' मुळीच नाही. ते शिकवायलाच हवं. त्याच्याशिवाय शेपटी ही शेपटी आहे हेसुद्धा कळलं नसतं. फक्त ते शिकवताना स्किनर यांचा मूळ वक्र पूर्ण दाखवावा, शेपटीसकट. पाठ्यपुस्तकात तळाशी कापलेली आकृती छापलेली असेल तर मुलांना उरलेली रेघ स्वतः काढायला लावा. पुढचे प्रश्न ती मुलं आपण होऊन विचारतील.